काच म्हणायची, पण काच नव्हे

मोटरसायकलच्या पुढ्यात वारा अडवायला जो पारदर्शक पडदा लावतात, त्याला आपल्याकडे सगळे सर्रास 'काच' म्हणतात. विंडशील्ड हा शब्द बिलावर छापायचा. गॅरेजमध्ये, पेट्रोलपंपावर, घरात... सगळीकडे काचच. गंमत अशी की ती काच नसते. ते असतं प्लॅस्टिक, आणि त्या प्लॅस्टिकला स्वतःचा असा चांगला नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण म्हणजे माझ्या थंडरबर्डची काच बदलायची आहे. आसनगावच्या अलीकडे एका डंपरच्या चाकाखालून खडी उडाली आणि काचेला तळापासून वर अशी वीतभर चीर गेली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तो आमच्या शहापूर तालुक्यातूनच जातो, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. त्यामुळे आम्ही आपले जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावरच, डंपरांच्या संगतीत! असो. नवी काच कुठली घ्यावी म्हणून वाचायला बसलो आणि वाचता वाचता फार लांब जाऊन आलो. त्याचाच हा लेख. ज्यांना दुचाकीत काडीचा रस नाही (म्हणजे आमच्या दोन्ही मावश्या), त्यांनी कंटाळा आला तर थेट आत्याच्या डोळ्यांपाशी उडी मारावी.

तर, वारा आणि पाऊस अंगावर घ्यायचा नाही, पण काम तर थांबवायचं नाही, हा प्रश्न मोटरसायकलच्या कितीतरी आधीचा आहे. आमच्याकडे त्याचं उत्तर होतं इरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे थर, आणि आकार अर्ध्या शिंपल्यासारखा. शहापूर-मुरबाडकडच्या भातखाचरांत आवणीच्या दिवसांत डोक्यावरून पाठीपर्यंत इरलं घेऊन वाकलेल्या बायामाणसांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पाऊस तिरका आला तरी पाण्याला अडायला सपाट जागाच मिळत नाही. ते ओघळून बाजूने निघून जातं आणि दोन्ही हात रोपं लावायला मोकळे राहतात. पुढे पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला, आकार मात्र तोच राहिला. वाऱ्यापावसाला छाती काढून सामोरं जायचं नाही, त्याला वाट काढून द्यायची, हे ज्ञान आमच्या खाचरांत आधीपासूनच होतं म्हणायचं.

सुरुवातीच्या मोटरसायकलस्वाराकडे एवढंही नव्हतं. चामड्याची टोपी, गॉगल आणि मफलर. थंडीत छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्राच्या घड्या घालायच्या. ही युक्ती आपल्याकडेही अगदी परवापरवापर्यंत चालू होती. पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते मुरबाडजवळ म्हशाला, तिथे गुरांचा बाजार बघायला पहाटे निघालेले लोक मी छातीशी पेपर घालूनच निघताना पाहिले आहेत. वारा काही त्यातून आत येत नाही. फक्त चालताना माणूस जरा कुरकुरतो :)

मोटारींना तेव्हा खरी काच असायची, पण ती फुटली की तिच्या सुऱ्या व्हायच्या. कापडी हुडाच्या गाड्यांना सेल्युलॉइडच्या खिडक्या लावत. ते पिवळं पडायचं आणि पेटायचंही झटकन. म्हणजे काचेसारखं स्वच्छ, पण हलकं आणि सुऱ्या न होणारं असं काहीतरी हवं होतं. ते मिळालं १९३० च्या दशकात. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये 'प्लेक्सिग्लास' या नावाने ॲक्रिलिकचे पारदर्शक तक्ते आणले. त्याच सुमारास इंग्लंडात आयसीआय कंपनीने तोच पदार्थ 'पर्स्पेक्स' नावाने काढला. वजन काचेच्या निम्म्याहून कमी. शंभरातला जवळपास ब्याण्णव भाग प्रकाश आरपार जाऊ देतो, म्हणजे साध्या काचेच्या तोडीस तोड. शिवाय गरम केलं की वाकतं. बोर्ड रंगवणारे आणि रेडियमवाले आज जी 'ॲक्रिलिक शीट' वापरतात, ती हीच.

या पदार्थाला पहिलं मोठं काम मिळालं ते विमानात. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या पायलटच्या डोक्यावरची ती फुगीर पारदर्शक झाकणं पर्स्पेक्सची होती. आणि इथे आमच्या गोष्टीत एक विलक्षण वळण येतं.

१५ ऑगस्ट १९४० ला गॉर्डन क्लीव्हर नावाच्या ब्रिटिश पायलटच्या हरिकेन विमानावर गोळ्या आल्या, झाकण फुटलं आणि पर्स्पेक्सचे तुकडे त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसले. डोळ्यांवर गॉगल नव्हता. एक डोळा कायमचा गेला, दुसरा पुष्कळ शस्त्रक्रिया करून वाचवला. त्याच्यासारख्या वैमानिकांचे डोळे तपासताना हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात एक गोष्ट आली. एरवी डोळ्यात साधं कुसळ गेलं तरी डोळा लाल होतो, सुजतो, पण पर्स्पेक्सचे हे तुकडे वर्षानुवर्षं डोळ्यात राहूनही डोळा त्यांच्याविरुद्ध तक्रार करत नव्हता. मग मोतीबिंदू काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागी याचंच भिंग बसवलं तर? २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रिडलींनी एका बाईच्या डोळ्यात पर्स्पेक्सचं पहिलं भिंग ठेवलं. त्यांच्याच व्यवसायातल्या बड्या मंडळींनी पुढे कित्येक वर्षं त्यांना विरोध केला. डोळ्यातून नको ते बाहेर काढायचं सोडून हा माणूस आत काय घालतोय, अशी त्यांची हरकत. आज जगभरात मोतीबिंदूनंतर भिंग बसवणं ही नित्याची गोष्ट झाली आहे. आपल्या देशात तर १९९२ मध्ये मदुराईला ऑरोलॅबने ही भिंगं स्वस्तात तयार करायला घेतली, आणि गरिबांच्या डोळ्यांपर्यंत ती पोचायला त्याचा मोठा हातभार लागला. त्या क्लीव्हरचा उरलेला डोळाही म्हातारपणी मोतीबिंदूने झाकोळला, तेव्हा १९८७ मध्ये त्याच्या डोळ्यात असंच भिंग बसवलं गेलं.

मावश्यांनो, या आता. आत्याचे डोळे आले.

माझी आत्या मुरबाडला असते, एकटी. वीसेक वर्षांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका शिबिरात झालं. तेव्हा मिळालेलं कार्ड तिने पोथीच्या फडक्यात जपून ठेवलं आहे. मागच्या महिन्यात ते सहज हातात आलं, तर भिंगाच्या माहितीत पी.एम.एम.ए. अशी अक्षरं. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे ॲक्रिलिक, म्हणजे पर्स्पेक्स! मी तिला म्हटलं, "आत्या, तुझ्या डोळ्यात आणि माझ्या गाडीवर एकच माल आहे." ती म्हणाली, "मग माझी बरी टिकली रे इतकी वर्षं. तुझीच कशी तडकली?" यावर काय बोलणार!

पण आत्याला या काचेबद्दल गंमत वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. आतोबा राजदूतवर दूध गोळा करत फिरायचे. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, पुन्हा मुरबाड. पहिला पाऊस पडून गेला की आमच्याकडे संध्याकाळी पाखरं उठतात, दिव्यावर झेप घेतात. १९८० च्या दशकातली गोष्ट. अशाच एका संध्याकाळी सरळगावच्या पुढे एक पाखरू त्यांच्या उजव्या डोळ्यावर आदळलं. त्यांनी डोळा चोळला, गाडी चालवत घरी आले. दोन दिवस गुलाबपाणी घातलं, मग आणखी कोणी काही सांगितलं ते घातलं. बुबुळाला जखम झाली होती, ती चिघळली. कल्याणला नेईपर्यंत उशीर झाला होता. त्या डोळ्याने त्यांना नंतर फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. राजदूत त्यांनी सोडली नाही, पण अंधार पडायच्या आत घरी यायला लागले आणि दुधाचे संध्याकाळचे रतीब गेले. भातपिकाच्या भागात बुबुळाच्या अशा जखमा नवीन नाहीत. झोडणीच्या वेळी भाताचं तूस जातं, वाटेने पाखरू जातं, आणि जखमेपेक्षा उशीर जास्त नडतो.

म्हणून मी शहापूरहून किन्हवली-सरळगाव रस्त्याने तिच्याकडे जातो-येतो तेव्हा आत्या हेल्मेटचं विचारत नाही, काचेचं विचारते. आठवड्यातून दोन फेऱ्या होतात आणि परतताना बहुतेक वेळा रात्र होते. तेव्हा कुठली काच हा प्रश्न आमच्या घरात निव्वळ हौसेचा नाही.

आता पुन्हा इतिहासाकडे. आपल्या पिढीला ही काच पहिल्यांदा भेटली ती मोटरसायकलवर नाही, स्कूटरवर. बजाजने पियाजिओच्या परवान्याने स्कूटरी काढल्या, तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया आली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि गाडी हातात आली की दुसऱ्या दिवशी तिला काच बसवायची, स्टेपनीला कव्हर घालायचं, काचेच्या आत देवाचं स्टिकर. काकांच्या प्रियाला अशी काच होती. ती कोणासाठी होती, हे मला आत्ता आत्ता उमगलं. चालवणाऱ्यासाठी नव्हेच ती! पुढे पायापाशी उभं राहून हँडल धरणाऱ्या पोरासाठी होती. मागे काकू, तिच्या मांडीवर धाकटी, मध्ये काका, आणि पुढे मी. काचेची वरची कड माझ्या डोक्याच्या वर. काही वर्षांत ती काच उन्हाने पिवळी पडली, फडक्याने पुसून पुसून धुरकट झाली, आणि समोरून ट्रकचा दिवा आला की सगळी काच पेटल्यासारखी दिसायची. काका मात्र तिच्यावरून बघायचे, त्यामुळे त्यांना काही त्रास नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिकडे युरोपात याच काळाच्या थोडं आधी वारा हा अभ्यासाचा विषय झाला होता. इटलीत मोतो गुझ्झी कंपनीने १९५० मध्ये मांदेल्लोला स्वतःचा वायुबोगदा बांधला. आत गाडी उभी करायची आणि पंख्याने तिच्यावर वारा सोडायचा. गणित साधं आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० च्या वेगाला जेवढा रेटा, त्याच्या सव्वादोन पट ९० ला. मग शर्यतीच्या गाड्यांना पुढचं चाकसुद्धा झाकणारी मोठीच्या मोठी टोपणं घातली गेली. दिसायला कचऱ्याच्या डब्यासारखी, आणि नावही तेच पडलं. गाड्या पळाल्या जोरात, पण बाजूने वारा आला की ते टोपण शिडासारखं वागायचं आणि गाडीला रस्त्याबाहेर ढकलायचं. शेवटी १९५७ च्या हंगामानंतर शर्यतींतून त्यांच्यावर बंदी आली.

ज्यांनी भर पावसाळ्यात माळशेज घाट ओलांडला आहे, त्यांना ही बंदी का आली हे समजवावं लागणार नाही. नाणेघाटात तर वारा खालून असा येतो की कड्यावरून पडणारं पाणी खाली न जाता उलटं वर उडतं. लोक तो उलटा धबधबा बघायला जातात, फोटो काढतात. त्याच वाऱ्यात हँडलवर दोन फूट रुंदीचा पडदा बांधून गाडी चालवायची असेल, तर तो धबधबा जरा वेगळ्या नजरेने बघितला जातो!

यावरचा तोडगा १९७० च्या दशकात निघाला. अमेरिकेत क्रेग व्हेटर या माणसाने 'विंडजॅमर' नावाचा आडोसा काढला. तो हँडलला न बांधता गाडीच्या सांगाड्याला बांधायचा, म्हणजे वाऱ्याचा धक्का चाकाच्या दिशेवर येत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांवर तो अफाट खपला. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस ही गाडी कारखान्यातूनच पूर्ण आडोशासकट आणली. त्याचा आकार पिनिनफरिनाच्या वायुबोगद्यात घासूनपुसून ठरवलेला होता. तिथून पुढे 'टूरिंग' गाडी म्हटली की काच आलीच. आपल्याकडे बुलेट-थंडरबर्डवर जी उंच काच लावतात, ती मात्र पुढच्या फोर्कला किंवा हँडललाच बांधलेली असते. म्हणजे व्हेटरच्या आधीची पद्धत. ती वाईट असं नाही, पण तिचा आकार बेताचा हवा.

राहिला प्रश्न मालाचा. ॲक्रिलिकचा एक प्रतिस्पर्धी १९५३ मध्ये जन्माला आला, आणि तोही जुळा. जर्मनीत बायरच्या हेरमान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी एकाच वर्षी, एकमेकांना न विचारता, पॉलिकार्बोनेट शोधून काढलं. हे फुटता फुटत नाही. हातोडा मारला तर वाकतं, चेपतं, पण सुऱ्या होत नाहीत. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांची गोल पारदर्शक शिरस्त्राणं याचीच होती, आणि आज आपल्या हेल्मेटची पुढची काचही बहुधा याचीच असते.

मग प्रश्नच मिटला, घ्या पॉलिकार्बोनेट? तसं नाही. ते मऊ असतं, त्यावर ओरखडे पटकन पडतात, म्हणून वरून कडक लेप द्यावा लागतो. उन्हाने पिवळं पडू नये म्हणून वेगळा बंदोबस्त लागतो. उलट ॲक्रिलिक उन्हात टिकतं आणि ओरखडा पडला तर पॉलिश करून घालवता येतो. पण खडी बसली, की चीर. आणि चीर बहुतेकदा स्क्रूच्या भोकापासून चालू होते.

शहापूरचा आमचा रेडियमवाला मला म्हणाला, "दादा, शीट हाये आपल्याकडं. चार एमेमची कापतो, गरम करून वाकवतो, संध्याकाळी घेऊन जा." मी विचारलं, पॉलिकार्बोनेटची करशील का? तो हसला. "त्याला बुडबुडे येतात दादा." बरोबर आहे त्याचं. पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा पितं. गरम करायच्या आधी ते कित्येक तास सुकवावं लागतं, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरतात. आमच्याकडच्या दमट हवेत, हातभट्टीवर, हे जमणं कठीण. त्याला त्यामागचं रसायनशास्त्र माहीत नसेल, पण निष्कर्ष चोख होता. मग त्यानेच विचारलं, "पण तुम्हाला काच शोला पायजे का वाऱ्याला?"

खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. माझं उत्तर असं झालं.

रंग: बिनरंगी. धुरकट काळी काच झकास दिसते, पण सरळगाव ते किन्हवली रस्त्यावर रात्री जो काही उजेड असतो तो माझ्या दिव्याचाच. त्यातला थोडाही काचेला दान करायची माझी तयारी नाही.

उंची: इथे काकांची प्रिया आठवा. मोटरसायकलच्या काचेला वायपर नसतो. पावसात थेंब बसले, त्यात समोरून दिवा आला, की काचेतून दिसणं संपतं. म्हणून काच बघायला नाही, वारा अडवायला. बघायचं तिच्यावरून. सौ.ने मला गाडीवर बसवून टेपने मोजमाप घेतलं, पुठ्ठा कापून चिकटवला, आणि मी किन्हवलीपर्यंत तीन वेळा जाऊन आलो. (वाटेत दोघांनी विचारलं, जाहिरात कशाची आहे?) कड नाकाच्या शेंड्याच्या रेषेत ठेवली की वारा उसळून डोक्यावरून जातो आणि डोळे मोकळे राहतात. त्याहून चार बोटं खाली आणली की वाऱ्याचा सगळा भोवरा नेमका हेल्मेटवर येऊन आदळतो, डोकं खुळखुळ्यासारखं हलतं. तेवढीच आखूड घ्यायची असेल तर मग पार छातीपर्यंत आखूड घ्यावी.

रुंदी: खांद्यांपेक्षा कमी. माळशेजसाठी.

माल: कडक लेपाचं पॉलिकार्बोनेट. ॲक्रिलिकपेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे पडले. पण ओरखडा पडला तर दोन वर्षांनी बदलता येईल. खडीने तडकलेला तुकडा डोळ्याकडे उडाला तर तो गॉर्डन क्लीव्हरच्या डोळ्यासारखा निमूट बसून राहीलच, यावर मी पैज लावणार नाही. आणि काच असली तरी हेल्मेटची काच खाली असणारच. आतोबांकडे यातलं काहीच नव्हतं.

बसवताना प्रत्येक भोकात रबरी बुश घातले आहेत, आणि स्क्रू हाताने घट्ट होईल एवढेच. जोर लावून पिळला की प्लॅस्टिक तिथेच ताणलं जातं आणि पुढे तिथूनच चिरतं. पुसायला पेट्रोल, रॉकेल, किंवा घरच्या काचा पुसायचा तो निळा फवारा, यातलं काहीही चालत नाही. पाखरं चिकटली असतील तर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवायचं, ती आपोआप सुटतात. सुकी पुसली की गेली काच.

जुनी तडकलेली काच रेडियमवाल्याकडून कापून घेतली. ती आता आत्याच्या ओटीवर, विजेच्या मीटरवर पागोळ्या पडायच्या तिथे लावली आहे. आत्याने दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून ती नीट पाहिली आणि म्हणाली, "आकडे दिसतायत." तिच्या त्या डोळ्याने, त्या काचेतून.

यंदाची पहिली पाखरं अजून उठायची आहेत. मोसमी पाऊस आला की कळेलच.